सरकती पाचर

शीलाताई, तुम्हाला पोचवून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो. जाववत नव्हतं. पण किरणांच्या मशीनची सकाळची तपासणी माझ्याकडे होती, आणि ती झाल्याशिवाय पहिल्या पेशंटला आत घ्यायचं नाही हे तुम्हीच मला शिकवलेलं. बिमला माझ्या आधी आली होती. आपली सगळ्यात जुनी टेक्निशियन, तुमच्याशी भांडणारी आणि तुमच्याच डब्यातलं खाणारी. तपासणी झाली, आकडे बरोबर आले, बाहेर बाकांवर माणसं बसलेली होती, काम सुरू झालं. दुपारी जेवताना लक्षात आलं की मला रडू येत नाहीये, नुसता थकवा आलाय. अंगात बारीक ताप असावा तसा. तो अजून गेलेला नाही.

पुण्यानुमोदनाच्या श्रद्धांजली सभेला बरेच जण बोलले. तुमचं शिक्षण, तुमची नोकरी, तुम्ही किती जणांना शिकवलंत, सगळं झालं. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी हात जोडून नको म्हटलं. मला जे बोलायचं होतं ते त्या सभेत बोलण्यासारखं नव्हतं. आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय, ताई. ते मला तुमच्याशीच बोलायचंय.

मी नांदेडहून दिल्लीला आलो तो कलेक्टर व्हायला. करोल बागेत एका खोलीत आम्ही गावाकडची मुलं दाटीवाटीने राहायचो, परीक्षा द्यायचो, नापास व्हायचो. शेवटी मी सोडलेल्या भौतिकशास्त्राकडे परत वळलो, रेडिओथेरपीचा अभ्यासक्रम केला आणि हॉस्पिटलात तुमच्या हाताखाली फिजिसिस्ट म्हणून रुजू झालो. माझं नाव-गाव ऐकून तुम्ही फाइल बाजूला ठेवलीत आणि म्हणालात, "अच्छा, नांदेडचा. चलो, आधी चहा पिऊ." तुमचे वडील भंडाऱ्याहून सरकारी नोकरीसाठी दिल्लीत आले, तुमची शाळा पहाडगंजची मराठी शाळा, हे त्या चहावरच कळलं. तुमचं मराठी घरात बोललं जाणारं होतं, स्वच्छ, पण त्यातले बरेच शब्द गळून गेलेले. काही आठवेनासं झालं की तुम्ही मला विचारायचात.

एकदा विचारलंत, वेजला मराठीत काय म्हणतात रे? मी म्हटलं, पाचर. लाकूड फोडताना फटीत ठोकतात ती. एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला निमुळती. तुम्हाला तो शब्द इतका आवडला की त्या दिवसापासून आपल्या खोलीत वेज हा शब्दच बंद झाला. डॉक्टरांशी इंग्रजीत बोलताना वेज, बिमलाशीही वेज, आपल्या दोघांत पाचर.

आपल्याकडे तेव्हा ती पाचर खरोखरच लोखंडी होती. स्तनाच्या कॅन्सरच्या बायकांना किरण द्यायचे तर ती लागायचीच, कारण स्तन छातीशी जाड आणि पुढे निमुळता. किरण सरळ सोडले की निमुळत्या भागात डोस जास्त पडतो आणि तिथली कातडी सोलवटते. म्हणून किरणांच्या वाटेत ही पाचर बसवायची, जाड बाजू निमुळत्या भागाकडे, म्हणजे सगळीकडे सारखा डोस जातो. एका बाजूने किरण दिले की टेक्निशियनने आत जायचं, पाचर काढायची, मशीन फिरवायचं, दुसऱ्या बाजूसाठी पुन्हा बसवायची. दिवसभर हेच. बिमलाचं मनगट कायम पट्टीत असायचं.

मग कमलेशचा तो दिवस आला. पानिपतची बाई, नवरा मागावर कामाला. पाचर खाचेत नीट बसली नव्हती. मशीन फिरवायला घेतलं आणि ती सुटून तिच्या डोक्याशेजारी फरशीवर आदळली. तिला लागलं नाही. पण ती उठून बसली आणि पुन्हा आडवी व्हायला तयार होईना. बिमला दाराशी उभी राहून रडत होती. तुम्ही आत गेलात, कमलेशच्या अंगावर तिची ओढणी घातलीत आणि तिच्याजवळ बसून राहिलात.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. त्यानंतरही नाही. फोन नवरा उचलायचा आणि कल आएगी म्हणायचा. रविवारी तुम्ही मला म्हणालात, पानिपतला जाऊन येऊ. मी कुरकुरलो. आठवड्यातून एक सुट्टी, आणि आपण काही समाजसेवक नव्हतो. तरी आलो. स्टेशनवरून रिक्षाने त्या वस्तीत गेलो, रविवार असूनही माग चालू होते, गल्लीभर खटखट आणि हवेत कापसाची लव. कमलेश दारातच तांदूळ निवडत बसली होती. तुम्हाला बघून तिने पदर डोक्यावर घेतला आणि नजर ताटातच ठेवली. तुम्ही तिच्या समोर जमिनीवर बसलात. मध्येच किरण थांबवले तर आजवरचं सगळं वाया जाईल, हे तुम्ही तिला न घाबरवता सांगितलंत. ती ऐकून घेत होती, पण मान हलवत नव्हती. शेवटी ती म्हणाली, "मैडम, मुझे बीमारी से उतना डर नहीं लगता, जितना उस लोहे से।"

तुम्ही म्हणालात, "लोहा मैं अपने हाथ से लगाऊँगी। रोज़।"

ती दुसऱ्या दिवसापासून आली. आणि तुम्ही, विभागातल्या सगळ्यात वरिष्ठ फिजिसिस्ट, रोज खाली जाऊन तिची पाचर बसवायचात, दोनदा ओढून बघायचात, तिलाही एकदा हात लावायला द्यायचात. तिचा कोर्स पूर्ण झाला. त्या दिवशी तिने तुमच्यासाठी घरून चादर आणली होती.

पानिपतहून परतीच्या गाडीतच तुम्ही डायनॅमिक वेजचा, म्हणजे सरकत्या पाचरीचा, विषय काढला होतात. आपल्या मशीनमध्ये ती सोय पहिल्यापासून होती. लोखंडी तुकडा लागतच नाही, किरण चालू असतानाच मशीनच्या आतली एक जाड झडप हळूहळू सरकत बंद होते. ज्या भागावर ती आधी येते तिथे डोस कमी, जिथे उशिरा येते तिथे जास्त, म्हणजे पाचरीचंच काम. पण ते डोसचा हिशोब करणाऱ्या प्लॅनिंगच्या कॉम्प्युटरला माहीत नव्हतं. त्याला ते शिकवायचं तर आधी आपण मापं घ्यायला हवीत, आणि ती कुणी घेतली नव्हती, कारण ते काम जीव खाणारं होतं. मी म्हटलं, ताई, आपल्याकडे रोजच्या पेशंटनाच वेळ पुरत नाही. तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, रविवार आहेत ना.

ते रविवार आठवले तरी मला अजून दमायला होतं. पाण्याची टाकी मशीनखाली लावायची, पाण्यात मापायचा छोटा चेंबर. साध्या किरणांत तो चेंबर पाण्यातून फिरवत भराभर मापं घेता येतात. सरकत्या पाचरीत तसं होत नाही. झडप पूर्ण सरकेपर्यंत एका बिंदूचा डोस पुरा होत नाही, म्हणून एका बिंदूसाठी अख्खा फेरा, मग चेंबर थोडासा हलवायचा, पुन्हा अख्खा फेरा. प्रत्येक कोनाच्या पाचरीसाठी हेच, किरणांच्या लहान चौकटीसाठी, मोठ्या चौकटीसाठी, पुन्हा हेच. तुमच्या डब्यातली झुणका-भाकर आणि माझ्या मेसचे थंड पराठे. बाहेर ऊन, आत एसीची थंडी, आणि तुम्ही शाल पांघरून आकडा सांगताय, मी लिहून घेतोय.

मोठ्या चौकटीत, कडेला, कॉम्प्युटरचा हिशोब आणि आपलं माप यांत थोडा फरक यायचा. नियमात बसणारा फरक. मी म्हटलं, चालेल. तुम्ही म्हणालात, का येतोय ते कळलं तर चालेल. त्यात आणखी काही रविवार गेले. मग दिशेचा प्रश्न. कॉम्प्युटरवर पाचरीची जाड बाजू डावीकडे दाखवली तर मशीनवर ती खरंच डावीकडे येते का? मी म्हटलं, येणारच. तुम्ही प्रत्येक दिशेला फिल्म लावून बघायला लावलीत, कारण ती उलटी आली तर ज्या कातडीला वाचवायचं तीच जळणार.

आणि मग विजेचा प्रश्न. सगळं संपत आलं होतं. विभागप्रमुख रोज विचारत होते, कधी सुरू करताय. तुम्ही म्हणालात, झडप अर्ध्यात असताना किरण बंद पाडून बघायचंय. मी त्या दिवशी चिडलो. मी म्हटलं, इतकं कोण करतं, ताई? आपल्याला पगार तेवढाच आहे. तुम्ही चिडला नाहीत.

"दिल्लीचा उन्हाळा आहे, अमोल. लाईट गेली आणि परत आली, तर आपण कुठपर्यंत आलो होतो ते मशीनला आठवतं का, एवढंच मला बघायचंय."

बघितलं. किरण मध्येच थांबवले तर त्याला आठवत होतं, राहिलेला भाग ते बरोबर तिथूनच पुरा करत होतं. पण पूर्ण वीज गेली तर उरलेलं हाताने भरावं लागत होतं, आणि तिथे चूक व्हायला भरपूर जागा होती. मग तुम्ही नियम केलात की असं झालं तर फिजिसिस्ट खाली येईपर्यंत कुणी बटणाला हात लावायचा नाही. सरकती पाचर सुरू झाली आणि त्याच उन्हाळ्यात, मे महिन्यात, वीज गेली. पेशंट आत, झडप अर्ध्यात. बिमला बटणापासून दोन्ही हात लांब धरून उभी होती, मी धावत खाली येईपर्यंत. त्या दिवशी मी मनातल्या मनात तुमच्यापुढे मान तुकवली. तोंडाने बोललो नाही. आपल्यात तसं बोलायची पद्धत नव्हती.

लोखंडी पाचरी कपाटात गेल्या. बिमलाच्या मनगटाची पट्टी सुटली. पुढे त्या कपाटाला कुणी हात लावला नाही.

या सगळ्याबद्दल मी तुमचा ऋणी आहे. आता भांडणाकडे येतो.

तुम्हाला गाठ लागली तेव्हा तुम्ही आधी डॉक्टरांना सांगितलंत, मग लेकीला, मग मला. मला सांगताना तुम्ही कपात चहा ओतत होतात. डावा स्तन. ऑपरेशन झालं, औषधं झाली, केस गेले, तुम्ही डोक्याला रुमाल बांधून कामावर येत राहिलात. मग किरणांची वेळ आली. तोवर आपल्याकडे दुसरं, नवीन मशीन आलं होतं. त्यावर डोस आणखी बारकाईने वळवता यायचा, पण त्याची रांग लांब होती. मी डॉक्टरांशी परस्पर बोललो. ते म्हणाले, शीलाजींसाठी जागा करू, त्यात विचारायचं काय. मी खुशीत वर आलो आणि तुम्हाला सांगितलं. तुम्ही नको म्हणालात.

मी म्हटलं, डावी बाजू आहे, ताई, खाली हृदय आहे. तुम्ही म्हणालात, हृदय चौकटीत किती येतंय ते आधी बघ, मग भांड. मी दोन्ही प्लॅन केले, एक नवीन मशीनचा, एक आपल्या सरकत्या पाचरीचा. स्वतःचा प्लॅन स्वतः बघू नये हे तुम्हीच सगळ्यांना सांगायचात, तरी तुम्ही माझ्यामागे खुर्ची ओढून बसलात. हृदय चौकटीत जवळजवळ नव्हतंच. नवीन प्लॅन थोडा सरस होता. थोडाच. डॉक्टर म्हणाले, दोन्ही चांगले आहेत, तुम्ही ठरवा.

"तिकडे घशाचे पेशंट थांबलेत," तुम्ही म्हणालात. "त्यांचं आपल्या पाचरीने होत नाही. माझं होतं. एवढ्याशा फरकासाठी मी कुणाला मागे ढकलू?"

मी आवाज चढवला. म्हटलं, तुम्ही सगळं आयुष्य दुसऱ्यांसाठी आकड्याच्या शेवटच्या टोकापर्यंत भांडलात, आणि स्वतःच्या वेळी म्हणता एवढासा फरक. कडेच्या फरकासाठी माझे रविवार घेतलेत ते काय होतं मग? तुम्ही हसलात. म्हणालात, तो फरक का येतोय ते माहीत नव्हतं. हा का येतोय ते माहीत आहे. मी खोलीतून निघून गेलो. तुम्ही दुसऱ्या दिवशी येऊन पाचरीच्या प्लॅनला संमतीची सही केलेला कागद माझ्या टेबलावर ठेवलात, आणि वर म्हणालात, चलो, आता काम करू.

तुम्ही बरोबर होतात हे मला तेव्हाही कळत होतं. तेच मला सहन होत नव्हतं. मी तुमच्याशी फिजिसिस्ट म्हणून भांडत नव्हतो, ताई. या शहरात माझं कुणी नव्हतं तेव्हा तुम्ही मला दिवाळीला घरी बोलावलंत, आंबेडकर जयंतीला सोबत नेलंत, माझ्या लग्नात माझ्या बाजूने उभ्या राहिलात. मला तुम्हाला जास्तीचं काहीतरी द्यायचं होतं, ते औषधाच्या दृष्टीने गरजेचं असो वा नसो. हे एक वाक्य मी बोललो असतो तर कदाचित तुम्ही भांडला नसतात. नुसतं डोक्यावर टपली मारली असती. मी आकडे बोलत बसलो.

पहिल्या दिवशी तुम्ही टेबलावर झोपलात, आम्ही दार लावून बाहेर आलो. मी कॅमेऱ्याच्या पडद्याकडे बघत होतो, बिमलाने बटण दाबलं आणि दुसऱ्या हाताने माझी बाही धरली. बाहेर आल्यावर तुम्ही पहिलं वाक्य बोललात ते स्वतःबद्दल नव्हतं.

"अमोल, त्या झडपेचा आवाज येतो रे. बारीक, घरघर असा. आपण इतकी वर्षं बाहेरच उभे. आपल्याला माहीतच नाही."

खरंच माहीत नव्हतं. आपण त्या झडपेचा वेग मापला, डोस मापला, दिशा तपासली, आणि आत एकट्या पडलेल्या बाईला डोक्यावर काहीतरी सरकल्याचा आवाज येत असेल हे आपल्या डोक्यात आलं नव्हतं. त्या आठवड्यापासून बिमला प्रत्येकीला आधीच सांगते, थोड़ी आवाज़ आएगी, डरना मत, मशीन अपना काम कर रही है. बायका हो म्हणतात. ज्यांना आधी सांगितलेलं नव्हतं त्यांच्यातल्या काही जणी म्हणाल्या की हो, आम्हाला वाटायचं काही बिघडलं, पण विचारायचं कसं.

दोन-अडीच वर्षं चांगली गेली. मग तुमची पाठ दुखायला लागली, मग खाणं कमी झालं, आणि आजार यकृतात आणि हाडांत निघाला. द्वारकेच्या घरी मी यायचो तेव्हा आपण इकडचं तिकडचं बोलायचो, नवीन मशीन परत बंद पडलं, धुरामुळे सगळे खोकतायत, बिमला निवृत्त होणार म्हणते. त्या भांडणाबद्दल तुम्ही काढलं नाहीत, मी काढलं नाही. एकदा तुम्ही माझ्याकडे बराच वेळ बघितलंत, मला वाटलं आता काढाल. तुम्ही म्हणालात, तू फार बारीक झालायस, जेवत जा.

तुम्ही गेल्यावर ते भांडण प्रज्ञाने काढलं. तुमची लेक माझ्याकडे आली ती गुरुग्रामहून सरळ ऑफिसातून, गळ्यात कार्ड तसंच. कँटीनमध्ये बसलो. मग म्हणाली, "मामा, सच बताना. आई नवीन मशीनवर गेली असती तर राहिली असती का?"

मला कळलं की तुम्ही तिलाही सांगितलं होतं. मी तिला जे खरं आहे ते सांगितलं. जिथे आपण किरण दिले ती जागा शेवटपर्यंत स्वच्छ होती. आजार तिथे परत आलाच नाही. तो आधीच रक्तातून लांब गेलेला होता, आणि तिथे कुठल्याच मशीनचे किरण पोचणार नव्हते. तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, हे खरं सांगताय की मला बरं वाटावं म्हणून?

तिला तुमचा प्लॅन दाखवू का म्हणून मी डॉक्टरांना विचारलं, त्यांनी होकाराची मान हलवली, आणि मी तिला आपल्या खोलीत आणलं. तुमचा प्लॅन उघडला. तुम्ही बसायचात त्या खुर्चीवर ती बसली. पडद्यावर तुमच्या छातीची चित्रं एकामागून एक येत गेली. मी तिला दाखवलं, हा लाल रंग म्हणजे पूर्ण डोस, हा बघ सगळीकडे सारखा, कुठेही ठिपका नाही, हे त्या सरकत्या पाचरीमुळे. इथे पिवळा होतो, इथे निळा, इथे संपतो. ती बोट न लावता बघत होती. निळ्या रंगाच्या पलीकडे एक गुलाबी रेघ होती, गोलसर.

"हे काय आहे?"

"हृदय," मी म्हटलं.

"आईचं?"

"हो."

तिने मग हात पुढे केला आणि ती रेघ बोटाने सावकाश गिरवली, खालून वर, परत खाली. आम्ही दोघंही रडलो, आवाज न करता, तुमच्या हृदयासमोर बसून.

दारावर टकटक झाली. बिमला होती. ती म्हणाली, पेशंट टेबलावर घ्यायचा आहे, पहिला दिवस आहे, मी बघून गेलो की ती सुरू करेल, बाहेर रांग लागली आहे. तिने पडद्याकडे बघितलं, मग प्रज्ञाकडे.

मी म्हटलं, "थोडं थांबव."

तुमच्यासाठी रांग थांबवली मी, ताई. आता रागवा.